एका जागेवर दोघी

थोरली आणि धाकटी, दोघी जावा, एकाच घरात राहत होत्या आणि वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. भांडण झालं होतं गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीवरून. दोरीच्या ज्या टोकाला ऊन येतं ते टोक कुणाचं, एवढाच काय तो प्रश्न. पण शब्दाला शब्द वाढला, आणि धाकटी आपल्या माहेरच्या माणसांसमोर बोलून गेली, "आमच्या वहिनींना ऊनसुद्धा एकटीला हवं असतं." त्या दिवसापासून थोरलीने तोंडाला कुलूप घातलं.

घर दोन खोल्यांचं. अबोला धरायलाही जरा ऐसपैस जागा लागते, ती तिथे नव्हती. त्यामुळे सगळं बोलणं सासूबाईंच्या खाटेवरून जायचं.

"आई, तिला सांगा, गॅस संपत आलाय."

"आई, वहिनींना सांगा, मला डोळे आहेत."

सासूबाईंची उजवी बाजू दोन वर्षांपूर्वी लुळी पडली होती, पण जीभ शाबूत होती. उभा जन्म भाजीची गाडी ढकलत, गल्लोगल्ली ओरडत काढलेली बाई ती. आवाज थोडा जड झाला होता इतकंच. "मी काय टेलिफोन आहे?" असं त्या करवादायच्या, आणि निरोप मात्र अचूक पोचवायच्या. कधीकधी त्यात स्वतःची भर घालून.

थोरलीचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर. आठवड्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. धाकटीचा वेल्डर, आज या गावात तर उद्या त्या. कामाच्या साइटवरून घरी यायचा तेव्हा चार वर्षांची चिमणी आधी आईच्या मागे लपायची आणि मग बापाला ओळखायची. थोरलीची लेक लग्न होऊन गेलेली. म्हणजे घरात राहिल्या त्या दोघी, खाटेवरची सासू आणि ती पोर. दोन पुरुषांच्या कमाईत भाडं, औषधं आणि शाळा यांची तोंडमिळवणी होत नव्हती, म्हणून दोघींनाही काम हवं होतं. आणि दोघींनाही काम टिकत नव्हतं.

थोरली कष्टाला कधी मागे सरली नव्हती. औषधांच्या बाटल्या खोक्यांत भरायच्या कारखान्यात ती होती, तेव्हा तिच्या हातून एक बाटली फुटली नाही. पण एका सकाळी सासूबाई खाटेवरून घसरल्या, शेजारणीचा फोन आला, आणि ती सुपरवायझरला सांगून घरी धावली. दुसऱ्या दिवशी फाटकावर तिला सांगितलं, तुमच्या जागी माणूस घेतलं. मग एका मोठ्या दुकानात झाडलोटीचं काम लागलं. तिथे उद्या किती वाजता यायचं ते आज संध्याकाळी मोबाइलवर कळायचं. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी दोन्ही. एकदा निरोप उशिरा आला, एकदा बस आली नाही, आणि तिसऱ्यांदा तिला कुणी बोलावलंच नाही. नवीन ठिकाणी गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "घरी कोण कोण आहे?" खरं सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. "कळवतो" म्हणायचे. कळवत कुणीच नव्हतं.

धाकटीचं दुखणं तेच, फक्त पोरीपायी. चिमणीची बालवाडी दुपारी सुटायची. तिला आणायला जायचं म्हणजे काम अर्धं टाकून निघायचं. पोरीला ताप आला की तेही नाही. एका बेकरीतून तिला काढलं तेव्हा मालक म्हणाला होता, "बाई, तुझा हात चांगला चालतो गं, पण तू असशील की नाही याचा भरवसा नाही." ते वाक्य तिला फार लागलं होतं. घरी येऊन तिने सगळी भांडी परत घासून काढली होती, स्वच्छ असलेलीसुद्धा.

आता गंमत अशी, की दोघींपैकी कुणीही एक घरी असली तर दुसरीला काम करता येत होतं. हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण त्यासाठी आधी एकमेकींना विचारायला हवं होतं, आणि विचारण्यात कमीपणा होता. शिवाय कामं सगळी दिवसभराची. एकीने दिवसभर बाहेर राहायचं आणि दुसरीने दिवसभर घरात, तर घरात कुणी राहायचं? थोरली म्हणणार, मी मोठी. धाकटी म्हणणार, मी तरणी. सासूबाईंच्या टेलिफोनवरून हा करार होण्यासारखा नव्हता.

अशात हॉस्पिटलच्या लाँड्रीत बाई हवी असल्याचं दोघींच्या कानावर आलं. थोरलीला बसमध्ये कळलं, धाकटीला बालवाडीच्या दारात. दोघींनी एकमेकींना पत्ता लागू दिला नाही.

ठरलेल्या सकाळी थोरली चांगली साडी नेसून लाँड्रीच्या बोळात बाकावर जाऊन बसली. आतून साबणाचा आणि वाफेचा वास येत होता, मशिनं घरघरत होती. तिच्यापुढे तिघी होत्या. तिने मनातल्या मनात उत्तरं घोळवायला घेतली, एवढ्यात बोळाच्या तोंडाशी ओळखीची चप्पल वाजली. तिने मान वर केली. समोर धाकटी उभी. केस नीट विंचरलेले, हातात पर्स, आणि तोंड असं उघडं की जणू तिला भूतच दिसलं.

दोघींच्या डोक्यात एकदमच लख्ख प्रकाश पडला.

"आईंपाशी कोण आहे?" थोरली किंचाळली.

"तुम्ही होतात ना!"

"मी? तू होतीस!"

वर्षभराचा अबोला असा सुटला. बाकावरच्या तिघी बघत राहिल्या आणि या दोघी पदर खोचून धावत सुटल्या. बससाठी थांबायला धीर नव्हता. भर रस्त्यातून, हातगाड्या चुकवत, एकमेकींना दोष देत त्या धावत होत्या. "मला सांगून निघायला काय झालं होतं?" "तुम्ही सांगितलंत का?" जिना चढताना थोरलीला धाप लागली तेव्हा धाकटीने तिच्या दंडाला धरलं आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत ओढत नेलं.

सासूबाई खाटेवर होत्या, जिथल्या तिथे. चांगल्या हाताने उशी पाठीशी घेऊन खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. दोघींचा जीव भांड्यात पडला.

"कुठे होतात गं?" त्यांनी विचारलं. "पाणी मागून मागून घसा सुकला माझा."

धाकटीने पाणी दिलं. थोरलीने खाली बसून पदराने घाम पुसला आणि घडलं ते सांगून टाकलं. सासूबाईंनी ऐकून घेतलं, ग्लास खाली ठेवला आणि आधी अशा हसल्या की खाट हलली. मग रागावल्या.

"एक धड घर सांभाळत नाही, एक धड नोकरी सांभाळत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघी मिळून कुठे एक अख्खी बाई होईल!"

बोलणं झोंबणारं होतं. धाकटी ताडकन उठून चिमणीला आणायला निघून गेली. थोरली मात्र तिथेच बसून राहिली. तिला आधी राग आला, मग वाईट वाटलं, आणि मग त्या वाक्याचा दुसराच अर्थ तिला दिसायला लागला. भाजी चिरताना दिसत राहिला, सासूबाईंना कूस बदलून देताना दिसत राहिला. धाकटी पोरीला घेऊन परत आली तेव्हा थोरलीने खाटेकडे न बघता सरळ तिच्याकडे तोंड केलं.

"अगं, आपण दोघी मिळून एक बाई होऊ या की."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळी तू लाँड्रीत, मी इथे. दुपारी मी तिथे, तू इथे. जागा एक, आपण दोघी. तुझी पोर शाळेतून यायच्या वेळी तू घरी. आईंचं औषधपाणी कधीच अडणार नाही. आणि लाँड्रीतली जागाही एक दिवस रिकामी पडणार नाही."

धाकटी चप्पल पायात तशीच ठेवून विचार करत राहिली. "असं कुठे असतं का वहिनी?"

"नसेल. म्हणून विचारायचंच नाही का?"

"आणि पगार?"

"निम्मा निम्मा. आज शून्य आहे, त्याच्या निम्म्यापेक्षा बराच."

धाकटीला हसू आलं. ते तिने दाबलं, पण पुरतं दाबलं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला घटकाभर सासूबाईंपाशी बसवून दोघी परत लाँड्रीत गेल्या. तिथल्या सुपरवायझरला सगळे मागून इस्त्रीसाहेब म्हणत. शर्टाला सुरकुती नाही, चेहऱ्यालाही नाही, हसल्याचीसुद्धा. त्याने दोघींना ओळखलं.

"काल बाकावरून पळालात त्या तुम्हीच ना?"

"हो साहेब," थोरली म्हणाली. "का पळालो तेच सांगायला आलोय."

तिने काही लपवलं नाही. सासू, पोर, ट्रक, वेल्डिंग, गेलेल्या नोकऱ्या, सगळं सांगितलं. इतके दिवस जे सांगताना तिची मान खाली जायची, तेच आज ती मान वर करून सांगत होती, आणि हे तिचं तिलाच नवल वाटत होतं. शेवटी ती म्हणाली, "तुम्हाला एक बाई हवीय. आम्ही एकीच्या जागी दोन देतोय. एक आजारी पडली तर दुसरी येईल. खाडा नाही."

"जागा एक आहे," साहेब म्हणाला. "एका जागेवर एक माणूस. इथे काय सासरी नांदायला आलात का दोघी?"

"नांदतोच आहोत साहेब, तिथे जमवलं तर इथे काय अवघड आहे?" धाकटी पटकन बोलली आणि लगेच जीभ चावली.

शेजारून चादरींची गाडी ढकलत एक उंच, दणकट बाई चालली होती. ती मोठ्याने हसली. लाँड्रीतल्या मोठ्या गरम रोलरवर ती काम करायची. ओल्या चादरी एका बाजूने आत सरकवायच्या, दुसऱ्या बाजूने त्या कोरड्या होऊन, इस्त्री होऊन बाहेर यायच्या. सगळे तिला रोलरवाली म्हणत. "घ्या की साहेब," ती म्हणाली. "घडीच्या टेबलावर दोन महिन्यांत कितीजणी आल्या आणि गेल्या ते मोजायचं मी सोडून दिलंय. चादरी माझ्या पायाशी साचतात, आणि वॉर्डातल्या नर्सा माझ्या नावाने ओरडतात."

घडीच्या टेबलाचं दुखणं इस्त्रीसाहेबालाही ठाऊक होतं. "महिनाभर बघू," तो म्हणाला. "एक दिवस जरी टेबल रिकामं दिसलं, तरी दोघी बाहेर."

महिना सुरू झाला.

सकाळी धाकटी जायची. भर दुपारी थोरली लाँड्रीच्या फाटकावर पोचायची आणि तिथे दोघींची गाठ पडायची. तेवढ्या वेळासाठी सासूबाईंपाशी शेजारीण येऊन बसायची, आणि त्याबद्दल थोरली तिचं दळण आणून द्यायची. फाटकावर बोलायला वेळ थोडा आणि सांगायचं भरपूर. त्यात टोमणे मारायला सवड नव्हती.

"आईंची सकाळची गोळी झाली, दुपारची राहिलीय. जेवल्या नीट."

"बरं. ऑपरेशनच्या हिरव्या चादरी आल्यात, त्या वेगळ्या ठेवा. आणि तिसरं मशिन आज गळतंय, पाय जपा."

"चिमणीची शाळा सुटायची वेळ झाली ना?"

"झाली. पळते."

असं रोज. घरात जे वर्षभर सासूबाईंमार्फत चाललं होतं, ते फाटकावर थेट व्हायला लागलं. घरी मग अबोला धरून बसण्यात काही राम उरला नाही. एका संध्याकाळी सासूबाईच म्हणाल्या, "हल्ली मला कुणी काही सांगत नाही. या घरात काय चाललंय ते मला कळायला नको?"

कामावर मात्र सुरुवातीला खटके उडाले. धाकटीचा हात विजेसारखा. चादर रोलरमधून बाहेर पडते न पडते तोच तिची घडी झालेली असायची. पण कडा एकावर एक बसायच्या नाहीत. थोरलीची घडी वहीच्या पानासारखी, पण ढीग हळू चढायचा. थोरली दुपारी गेली की आधी धाकटीच्या घड्या सरळ करत बसायची. एकदा फाटकावरच तिने सुनावलं, "घडी घालतेस की चादर गुंडाळतेस?"

"आणि तुम्ही चादर घडी करता की तिची समजूत काढता?"

दोघी तोंडं वाकडी करून दोन दिशांना गेल्या. पण दुसऱ्या दिवशी थोरली जरा लवकर आली आणि टेबलापाशी उभी राहून धाकटीचे हात बघत राहिली. धाकटी टोकं आधी पकडत होती आणि मग झटका देत होती. त्या एका झटक्याने अर्धं काम व्हायचं. थोरलीने तो झटका उचलला. धाकटीने न बोलता कडा जुळवायला सुरुवात केली. महिना संपेपर्यंत ढीग बघून सकाळचा कुठला आणि दुपारचा कुठला ते रोलरवालीलाही सांगता येईना.

महिन्याचे दोन झाले, दोनाचे पाच. मध्ये चिमणीला कांजिण्या आल्या, तेव्हा थोरलीने दोन्ही वेळा काम ओढलं. थोरलीचा पाय मुरगळला तेव्हा धाकटीने ओढलं. टेबल एक दिवसही रिकामं पडलं नाही. थोरली बसमध्ये बसली की आता खिडकीबाहेर बघायची. पूर्वी ती बसमध्येसुद्धा घड्याळाकडेच बघत असायची.

अशात एके दुपारी इस्त्रीसाहेबाने तिला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं. साहेबाने बसायला सांगितलं म्हणजे काहीतरी बिघडलं, असं तिला वाटलं.

"तुमचं काम चांगलं आहे," तो म्हणाला. "तुम्हाला कायम करायचं ठरतंय. पूर्ण दिवस, रजा, आजारपणाचे पैसे, सगळं."

थोरलीच्या कानात मशिनांची घरघर एकदम बंद झाल्यासारखी झाली. कायम. हा शब्द तिने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. स्वतःच्या नावापुढे कधीच नाही.

"आणि ती?" तिने विचारलं.

"वरच्यांना दोघींचं हे पटत नाही. एका जागेला दोन माणसं, त्यांना त्रास वाटतो. तुम्ही वयाने मोठ्या, स्थिर. तुम्ही एकटीने घ्या. उद्या सांगा."

त्या दिवशी तिच्या हातून घड्या झाल्या, पण मन तिथे नव्हतं. बसने घरी जाताना तिने सगळं मनात रंगवून पाहिलं, आणि ते रंगवताना तिला बरं वाटलं, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. भाडं वेळेवर. डॉक्टरच्या फीसाठी कुणापुढे हात न पसरणं. लेकीच्या सासरी कुणी विचारलं तर ठणकावून सांगणं, हॉस्पिटलात कायम आहे म्हणून. मग तिच्या डोळ्यांसमोर धाकटी आली, दिवसभर घरात, सासूची कूस बदलत, स्वच्छ भांडी परत घासत. ते चित्र पुसायचा तिने प्रयत्न केला. पुसलं गेलं नाही.

घरी गेल्यावर तिने लपवाछपवी केली नाही. चिमणी झोपल्यावर गॅलरीत उभं राहून जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं होतं, धाकटी आकाशपाताळ एक करेल. तशी केली असती तर सोपं गेलं असतं. धाकटी कठड्यावर हात ठेवून म्हणाली, "घ्या वहिनी. मिळतंय तर सोडू नका. मी घर बघेन."

आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. त्या बेकरीवाल्याने भरवसा नाही म्हटल्यावर ती अशीच मुकाट घरी आली असणार, असं थोरलीला वाटलं. तिने धाकटीच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडा साबणाने पांढऱ्या पडल्या होत्या. स्वतःच्या हातांकडे पाहिलं. तशाच.

"झोप आता," एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती केबिनमध्ये गेली तेव्हा बसली नाही.

"साहेब, तुम्ही माझं काम चांगलं म्हणालात. त्यातलं निम्मं तिचं आहे. माझ्या हाताला जो वेग आलाय तो तिच्याकडून आलाय. मी एकटी दिवसभर इथे राहिले, तर एक दिवस घरून फोन येणार आणि मी धावणार. मग तुम्ही म्हणणार, बाई भरवशाची नाही. आम्ही दोघी आहोत म्हणून भरवशाच्या आहोत. करायचं तर दोघींना कायम करा, अर्ध्या अर्ध्या दिवसावर."

"आणि वरचे नाही म्हणाले तर?"

थोरली म्हणाली, "तर आम्ही दोघी जाऊ. जाताना टेबल स्वच्छ करून जाऊ."

"तुमच्या जावेला विचारलंत का हे?"

"ती म्हणाली, तुम्ही घ्या. म्हणूनच मी घेत नाही."

इस्त्रीसाहेबाने पेन उघडलं, मिटलं. "ठीक आहे," तो म्हणाला. "वर सांगतो. पण आशा ठेवू नका."

बाहेर येऊन थोरली टेबलाशी उभी राहिली आणि तिने पुढची चादर हातात घेतली. घरी जाऊन धाकटीला काय सांगायचं ते कळत नव्हतं. आपण हातची नोकरी घालवून आलो, हे कळत होतं. पण लाज म्हणून जी काही गोष्ट तिला प्रत्येक केबिनमधून बाहेर पडताना वाटायची, ती आज कुठेच सापडेना.

केबिनची भिंत पातळ होती. रोलरवालीने सगळं ऐकलं होतं. चहाच्या सुट्टीत ती थोरलीशेजारी येऊन बसली. एरवी ही बाई चेष्टेशिवाय बोलायची नाही, पण त्या दिवशी तिचा आवाज खाली होता.

"माझ्या मुलाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागणार आहे, पुढल्या महिन्यापासून," ती म्हणाली. "मी राजीनामा द्यायचं ठरवलं होतं. साहेबाला अजून बोलले नाहीये. या रोलरवर बारा वर्षं उभी आहे मी. गेले असते, तर एक बाई गेली एवढंच म्हणाले असते सगळे." ती थोडं थांबली. "माझ्या शेजारची एक आहे. दोन लहान पोरं, काम मिळत नाही. तिला मी हा रोलर शिकवला, तर तुमच्यासारखं आम्हाला जमेल का गं?"

इतके महिने थोरलीला वाटत होतं, लाँड्रीतल्या बायका आपल्याला मागून हसतात. एका जागेच्या दोन जावा म्हणून. आणि ही बाई, जिच्यावर सगळी लाँड्री चालत होती, तिला विचारत होती.

"जमेल," ती म्हणाली. "फाटकावरची पाच मिनिटं मात्र चुकवायची नाहीत. सगळं तिथेच होतं. आणि पहिले पंधरा दिवस भांडण होणार, ते मनावर घेऊ नका."

रोलरवाली उठली ती तडक केबिनमध्ये गेली. आत काय बोलणं झालं ते बाहेर फारसं ऐकू आलं नाही, कारण मशिनं सुरू होती. पण ती बाहेर आली तेव्हा तिच्यामागे इस्त्रीसाहेब उभा होता, आणि त्याच्या कपाळावर पहिल्यांदाच एक सुरकुती होती. रोलर शिकलेली दुसरी बाई त्याच्याकडे नव्हती.

वरच्यांशी काय बोलला ते त्याने नंतर एकदा स्वतःच सांगितलं. "मी म्हटलं, माझ्याकडे जागा भरपूर आहेत, माणसं टिकत नाहीत. टिकतायत ती अशी टिकतायत. मग मी काय करू, टिकणाऱ्यांना काढून जागा रिकाम्या ठेवू?" सांगताना त्याला स्वतःचंच कौतुक वाटत होतं, आणि थोरलीने ते वाटू दिलं.

होकार यायला वेळ लागला. मध्ये काही दिवस असे गेले की थोरली रोज टेबल जरा जास्तच पुसून निघायची, न जाणो उद्या यायचं नसेल. केबिनमध्ये काय बोलून आले ते तिने धाकटीला त्याच रात्री सांगितलं होतं. धाकटी आधी तिच्यावर कडाडली, "वेड लागलंय का तुम्हाला! घरात आलेली लक्ष्मी कुणी दारातून परत लावतं का?" मग मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. सासूबाईंनी खाटेवरून विचारलं, "काय झालं?" तर दोघी एकदम म्हणाल्या, "काही नाही." आणि सासूबाईंना फार राग आला.

एका सोमवारी दोघींना एकत्र बोलावणं आलं. चिमणीला कडेवर घेऊनच धाकटी पोचली. दोघी कायम. अर्धा अर्धा दिवस, दोघींच्या नावावर, दोघींना रजा. पुढल्या आठवड्यापासून रोलरवाली आणि तिची शेजारीणही. ओळखपत्रासाठी फोटो आणून द्या, साहेब म्हणाला.

थोरली "बरं" म्हणाली. धाकटी मात्र बाहेर येताच बोळातच थांबली आणि चिमणीला खाली ठेवून थोरलीच्या पाया पडायला वाकली. थोरलीने तिला अर्ध्यावरच धरलं. "उठ गं, फरशी ओली आहे, साडी खराब होईल," ती म्हणाली, आणि मग तिलाच रडू आवरेना.

सुट्टीच्या दिवशी दोघी फोटो काढायला गेल्या. ट्रकवरचा थोरला घरी होता, तो आईपाशी बसला. स्टुडिओ कसला, झेरॉक्सच्या दुकानात मागे लावलेला एक निळा पडदा आणि समोर एक स्टूल. आधी थोरलीचा फोटो झाला, मग धाकटीचा. दुकानदार प्रिंट काढायला वळला तेव्हा थोरली म्हणाली, "थांबा, अजून एक काढा. दोघींचा."

"ओळखपत्रावर दोघींचा चालत नाही, ताई."

"ओळखपत्रासाठी नाही. घरी लावायला."

स्टूल एकच होतं. "तुम्ही बसा, तुम्ही मोठ्या," धाकटी म्हणाली. "नको, दोघी उभ्या राहू," थोरली म्हणाली. मग स्टूल बाजूला सारलं, आणि दोघी पडद्यासमोर खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. थोरलीने धाकटीच्या खांद्यावरचा पदर सारखा केला. चिमणी दुकानदाराच्या पायांमधून डोकावत होती.

"जरा हसा की," दुकानदार म्हणाला.

"कामाच्या बायकांचा फोटो आहे," धाकटी म्हणाली. "लग्नाचा नाही. असाच काढा."

त्याने तसाच काढला. दोघी सरळ समोर बघतायत, माना ताठ, हात मोकळे सोडलेले.